करंट कोण खातंय

निकम सरांची गाडी सुरू होणार नाही हे कळायला किल्ली पूर्ण फिरवावी लागत नसे. अर्ध्यातच डॅशबोर्डवरचे दिवे मलूल उगवायचे, शेवटच्या बाकावरचं पोरगं नाइलाजानं "हजर" म्हणतं तसे. मग बॉनेटखालून "टक्" असा एकच आवाज यायचा. त्यानंतर सरांनी किल्ली कितीही वेळा फिरवली तरी गाडी काही बोलायची नाही.

तो टक् पहिल्यांदा आला त्या गुरुवारी सकाळचे साडेपाच वाजले होते. मागच्या सीटवर लीलाबाई शाल गुंडाळून बसल्या होत्या, मांडीवर औषधांची पिशवी आणि फाइल. त्यांना साडेसहाला साताऱ्यात मशीनवर असायचं होतं.

मशीन म्हणजे डायलिसिसचं. दीड वर्षापूर्वी लीलाबाईंच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं आणि तेव्हापासून रहिमतपूरच्या या घरात आठवड्याला सात वार उरले नाहीत. सोमवार, गुरुवार आणि त्यांच्या मधले. सोमवारी आणि गुरुवारी साडेसहा ते साडेदहा, मशीन नंबर चार. सेंटरचा नियम साधा होता. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर झाला की त्या दिवसापुरतं मशीन बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला मिळायचं. तीन महिन्यांत असे तीन खाडे झाले की जागाच त्या माणसाची आणि तुम्ही बाकावर. बाकावरच्यांची यादी चौदा नावांची होती. ती पुढं कशी सरकते हे कुणी विचारत नसे, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मशीनवरचं कुणीतरी यायचं थांबतं.

भाड्याची गाडी मिळत नव्हती अशातला भाग नाही. पण साडेपाचला येतो म्हणणारा माणूस साडेसातला उठतो, हा प्रयोग सरांनी पहिल्याच महिन्यात तीनदा करून बघितला होता आणि तिन्ही वेळा निष्कर्ष एकच आला होता. एसटीनं परत येताना लीलाबाई एकदा कोरेगावात उभ्याच्या उभ्या खाली बसल्या होत्या. तेव्हा राहता राहिली ही गाडी. पांढरी, दोन हजार तीन सालची, सर भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले त्या वर्षी घेतलेली. विभागात त्या वेळी सर धरून दोन माणसं होती.

त्या गुरुवारी शेजारच्या धैर्यशीलनं दुधाचे कॅन उतरवून आपली जीप काढली, तरी सातारा गाठायला सव्वासात झाले. मशीन नंबर चारवर मेढ्याचे एक गृहस्थ पाय ताणून पडले होते. त्यांनी लीलाबाईंना नमस्कार केला. पहिला खाडा.

सरांनी नवी बॅटरी आणली. नवी बॅटरी तीन आठवडे आज्ञाधारकपणे वागली आणि एका सोमवारी सकाळी तीही टक् म्हणाली. चार घरची चार माणसं पायजम्यावर बाहेर आली आणि त्यांनी गाडी मारुतीच्या देवळापर्यंत ढकलत नेली. देवळापाशी सगळ्यांना दम लागला. गाडीला काहीच लागलं नाही. दुसरा खाडा.

त्यानंतर आणखी चार वेळा बॅटरी उतरली. त्या चारही वेळा यासीन मोटरसायकलवर भरलेली बॅटरी आणि दोन जाड वायरी घेऊन धावत आला आणि कशीबशी वेळ गाठली गेली. यासीनचं स्टँडामागं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. बारावीत तो सरांचा विद्यार्थी होता आणि सरांच्याच विषयात नापास झाला होता. ही गोष्ट दोघंही विसरले नव्हते.

"सर, कुठंतरी करंट खातंय," तो बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला.

"करंट खाल्ला जात नाही, यासीन. वाहतो. हे मी तुला शिकवलंय."

"म्हनून तर सत्तावीस मार्क पडलं. तुमच्या पुस्तकात वाहत असंल सर, माझ्याकडं येत्यात त्या गाड्यांत खातंयच." त्यानं हात पुसले. "आता कोण खातंय ते हुडकायला टाइम लागंल. तवर एक करा. रोज झोपताना निगेटिव्ह सोडून ठेवा, सकाळी लावा. दहा नंबरचा पाना, दोन मिन्टाचं काम. कुणाच्या बापाला करंट खाता यायचा न्हाई."

सरांनी चष्मा वर सरकवला. "हा उपाय नव्हे. ही पळवाट झाली. कारण सापडलं पाहिजे."

"कारण सापडंल हो. पर काकूंचा खाडा नको."

"कारण सापडलं की खाडा आपोआप थांबेल," सर म्हणाले. एकतीस वर्षं वर्गात हेच वाक्य वेगवेगळ्या रूपांत सांगून ते निवृत्त झाले होते, आणि वर्गात त्याला कधी कुणी हरकत घेतली नव्हती. वर्गात फारसं कुणी नसायचंच म्हणा.

मग शोध सुरू झाला. सरांनी सांगलीहून, मुलीकडून, चांगला मीटर मागवला. क्रांतीनं तो पाठवला आणि फोनवर नेहमीचं सांगितलं. "बाबा, गाडी विका आणि आईला घेऊन इकडं या. इथं घरापासून दहा मिनिटांवर सेंटर आहे." सरांनी तिला रहिमतपूर सोडता येणार नाही याची पाच कारणं सांगितली. त्यातली तीन पाण्याच्या टाकीविषयी होती. लीलाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुमी म्हणाल तसं." अडतीस वर्षांच्या संसारात त्यांचं हे वाक्य इतक्या वेळा येऊन गेलं होतं की सरांना ते ऐकू येणं बंद झालं होतं, घड्याळाच्या टिकटिकीसारखं. डॉक्टरांनी अगदी पहिल्या दिवशी "काय आजी, यायचं ना मशीनवर?" असं विचारलं होतं, त्याचंही उत्तर सरांनीच दिलं होतं. "येणार."

यासीननं रीत शिकवली. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची आणि तिच्या व बॅटरीच्या मधे मीटर बसवायचा. दारं लावायची, गाडी झोपू द्यायची आणि आकडा बघायचा. आकडा मोठा दिसला तर एकेक फ्यूज उपसत जायचं. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या वाटेवर चोर.

आकडा मोठा दिसेचना. शून्य पूर्णांक शून्य तीन.

"एवढा तर घड्याळाला न् रेडिओला लागतोच," यासीन म्हणाला. "गाडी झोपली तरी श्वास घेती न्हवं?"

सरांचा श्वासावर विश्वास बसला नाही. त्यांनी रेडिओ काढला. रिव्हर्स घेताना वाजणारी आरती काढली. नातवानं डॅशबोर्डवर चिकटवलेला निळ्या उजेडाचा गणपती क्षमा मागून काढला. सेंट्रल लॉक काढलं. डॉक्टरांनी लीलाबाईंच्या ताटातून आधी मीठ काढलं, मग केळं, टोमॅटो, नारळपाणी आणि शेवटी साधं पाणीही मोजून दिलं, तसाच हा प्रकार चालला होता. गाडी दिवसेंदिवस निरोगी होत गेली आणि सुरू होईनाशी झाली.

सरांनी एक लांब वही घातली आणि आधी गाडी बंद पडल्याच्या तारखाही तीत उतरवल्या. तारीख, वेळ, तापमान, दमटपणा, बॅटरीचा दाब, सुरू झाली की नाही. आता ते रोज सकाळी साडेपाचला शेडात जाऊन किल्ली फिरवून बघत. मंगळवारी गाडी सुरू व्हायची. शुक्रवारी व्हायची. शनिवारी तर इतकी झटक्यात सुरू व्हायची की सरांना अपमान वाटायचा. समोरच्या रंगुबाईंनी नजर लागल्याचं निदान करून लिंबू-मिरची बांधायला सांगितली. सरांनी त्यांना अर्धा तास अंधश्रद्धेवर ऐकवलं आणि घरी येऊन वहीत तिथीचा एक रकाना आखला. पेन्सिलनं.

यासीननं एकदा ती वही चाळली. चाळता चाळता त्याचं बोट थांबलं.

"गुरुवार. सोमवार. सोमवार. गुरुवार. गुरुवार. सोमवार. सर, गाडीला वार कळत्यात व्हय?"

"नमुना लहान आहे. सहा नोंदींवरून नियम काढता येत नाही."

"बाकीच्या वारी एकदा बी न्हाई की हो." यासीननं वही मिटली. तो घराकडं बघत राहिला. दारात लीलाबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. "सर, काकूस्नी इचारलं का?"

"तिला काय विचारायचं? तिला गाडीतलं काय कळतंय?"

यासीन उठला. पाना पिशवीत टाकत, जाता जाता म्हणाला, "दिवसा मोजून उपेग न्हाई सर. आपुन बॉनेट उघडून बसतो तवा खानारा गप बसतोय. तिन्हीसांजेच्या आत मीटर लावून ठेवा न् लांब बसून नजर ठेवा. उद्या गुरुवार हाय."

उद्या गुरुवार आहे हे सरांना कुणी सांगायला नको होतं. सेंटरच्या सोनिया सिस्टरनं सोमवारी फाइलवर लाल पेननं दोन फुल्या दाखवून म्हटलं होतं, "सर, आता तिसरी नको हां. माझ्या हातात काही राहत नाही मग." तिसरा खाडा म्हणजे बाक. बाक म्हणजे महिने. आणि महिने काढायला लीलाबाईंकडं काय होतं, तर आठवडे. हे सरांनी कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं.

बुधवारी दुपारी लीलाबाई जेवून पडल्या तेव्हा सर कामाला लागले. पंपाची जुनी जाड वायर त्यांनी बॅटरीपासून बॉनेटच्या फटीतून, शेडाच्या पत्र्यामागून, परसातून मागच्या खोलीच्या खिडकीपर्यंत आणली. मीटर खिडकीत ठेवला. गाडीवर कव्हर घातलं. आपण हे कॉलेजात कधी केलं नाही याची त्यांना हळहळ वाटली. पोरं बघत राहिली असती. चार वाजता त्यांनी पहिली नोंद केली. शून्य पूर्णांक शून्य तीन. पाचलाही तेच. सहालाही.

दिवेलागणीला लीलाबाईंनी देवापुढं निरांजन लावलं, तुळशीपाशी पणती ठेवली. पाय सुजलेले असल्यामुळं त्या भिंतीला धरून चालत. सर खिडकीत वर्तमानपत्र उघडून बसले होते. वर्तमानपत्राच्या आड मीटर होता.

"शेडातनं कांदं आणते," लीलाबाई म्हणाल्या.

"हं," सर म्हणाले.

कांदे शेडात, आढ्याला टांगलेल्या जाळीत असत. सरांनी पान उलटलं. त्यात काय छापलंय ते त्यांना दिसत नव्हतं. त्यांची नजर सवयीनं मीटरवर गेली.

शून्य पूर्णांक अठ्ठ्याऐंशी.

सर ताठ बसले. अठ्ठ्याऐंशी म्हणजे गाडीचं दार उघडल्यावर आत लागणारा छतावरचा दिवा. हा आकडा त्यांच्या वहीत सात ठिकाणी होता. दार उघडलं गेलं होतं. आकडा हलला. तीन पूर्णांक सोळा. म्हणजे आणखी काहीतरी लागलं. मग पत्र्याच्या शेडातून दार हलकेच लावल्याचा आवाज आला आणि मीटरवरचा आकडा दोन पूर्णांक एकतीसवर येऊन थांबला. छतावरचा दिवा वजा जाता उरतात पुढचे-मागचे पार्किंगचे दिवे. ते त्या गाडीत किल्ली न लावताही लागतात.

लीलाबाई दोन कांदे घेऊन आल्या आणि विळीवर बसल्या.

दोन पूर्णांक एकतीस. दोन पूर्णांक एकतीस. आकडा आता हलत नव्हता.

खरं सांगायचं तर सरांच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते समाधान होतं. कारण होतं. कारण सापडलं. पहाटेपर्यंत दहाएक तास, म्हणजे तेवीस अँपिअर-तास, भरलेल्या बॅटरीतून वजा केले की टक्. गणित चोख जमत होतं. हे समाधान एखाद-दोन सेकंद टिकलं असेल. मग सर उठले आणि परसातून शेडात गेले.

कव्हरच्या खालच्या काठाला लाल उजेड होता, पदरातून निखारा दिसावा तसा. त्यांनी कव्हर उचललं नाही. बाहेरून काही दिसणार नाही असं हे जाड कव्हर त्यांनीच आणलेलं होतं, धूळ बसू नये म्हणून. सकाळी ते पाच वाजता उठत. लीलाबाई चारला; म्हणजे ते उठायच्या आत दिवे बंद. चारला उठून काय करते, असं अडतीस वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

ते परत स्वैपाकघरात आले आणि पाटावर बसले. विचारायचं काय याची सुरुवात त्यांना सापडत नव्हती.

"कांदे मिळाले?"

"मिळालं की."

"गाडीचे दिवे लागलेत."

"व्हय." लीलाबाईंचा हात विळीवर चालूच होता.

"तू लावलेस."

"व्हय."

"रोज लावतेस?"

"रोज कशाला लावीन? रविवारी न् बुधवारी. ते बी सगळ्या न्हाई. लयच जिवावर आलं तर."

मुलाखतीत असते तशी एक शांतता पसरली, ज्यात उमेदवार कोण आणि प्रश्न विचारणारा कोण हे कळेनासं होतं.

"अगं, पण का?"

"गाडी बंद पडली की कुणाला दोष न्हाई." त्यांनी कांद्याच्या फोडी परातीत ढकलल्या. "तुमास्नी न्हाई, मला न्हाई. क्रांतीला सांगाया येतंय, गाडी बंद पडली म्हणून. ती गाडीला शिव्या देती. मला कुणी काय म्हणत न्हाई."

"मला सांगायचंस."

"सांगितलं की वो. दिवाळीत सांगितलं न्हवं, एक डाव खाडा करू का म्हणून? तुमी पाठीमागल्या भिंतीवर खडूनं किडनी काढलीसा. रगत हिकडनं येतं, घाण तिकडनं जाती. अजून हाय ती भिंतीवर. भाऊबीजेला पोरं इचारत हुती, आज्जी ह्यो काजू कुणी काढला."

सरांना ते चित्र आठवलं. आकृतीला नावं दिलेली होती. त्यांना त्या वेळी आपण फार सोपं करून सांगितलं असं वाटलं होतं.

"मी दोन महिने त्या गाडीत डोकं घालून बसलोय, लीला."

"बगत हुते की. बरं वाटत हुतं मला. मशीन सोडून तुमचं दुसऱ्या कशात तरी ध्यान लागलं हुतं. जेवताना बी गाडीचं बोलत हुता. आदी निस्तं माझ्या रक्ताचं आकडं बोलायचा."

बाहेर रंगुबाईच्या घरात कुकरची शिट्टी झाली. सरांनी डोळ्यांवरून चष्मा काढला, पंच्याला पुसला आणि परत लावला. पुढचं बोलताना, ज्या भाषेत त्यांनी कॉलेजातल्या नेमणुकीपासून एक वाक्य उच्चारलं नव्हतं, तिच्यात ते आपोआप घसरले.

"मशीन लावलं न्हाई तर काय हुतं, ठावं हाय न्हवं तुला?"

"ठावं हाय." त्या थांबल्या. "माज्या शेजारी तीन नंबरला वडूजची बाई हुती बगा, पपईच्या रोपांचं सांगायची ती. आता येत न्हाई. तिच्या जागी एक मास्तर आलं, ते बी आता येत न्हाईत. आता एक पोरगी हाय, लगीन ठरलेली. तिचं नाव मी इचारलं न्हाई. नावं पाठ करायचा कटाळा आलाय मला."

"उद्या तिसरा खाडा आहे."

"त्याचाच इचार करत पडले हुते दुपारी. लावावं का न लावावं."

"पण दुपारी तर तू झोपली होतीस."

"कुठली झोप! तुमी वायर वढत वढत न्हाणीवरनं पडता पडता वाचलासा. सगळं दिसत हुतं खिडकीतनं. त्यो मीटर, पेपरामागं लपवलेला." त्यांच्या चेहऱ्यावर हसू असं आलं नाही, पण कुठंतरी हललं. "तुमी पेपर उलटा धरला हुता."

मीटर आहे हे तिला माहीत होतं. आकडा दिसणार हे माहीत होतं. तरी ती कांदे आणायला गेली.

"आणि तरी लावलेस."

"आणि तरी लावले," लीलाबाई म्हणाल्या आणि परात घेऊन उठल्या. उठताना त्यांनी सरांच्या खांद्याचा आधार घेतला, कारण भिंत लांब होती.

सर शेडात गेले. त्यांनी दिवे बंद केले. मीटर सोडवला, निगेटिव्ह वायर घट्ट बसवली आणि पंपाची वायर गुंडाळून खुंटीला लावली. वहीत मात्र नोंद केली नाही. "कारण" असा एक रकाना शेवटी होता. तो दोन महिने कोरा होता आणि आता त्यात काय लिहायचं हे चांगलं ठाऊक असूनही त्यांच्यानं पेन उघडवलं नाही. आठला क्रांतीचा फोन आला. "सापडलं का हो बाबा काही?" सर म्हणाले, "नाही अजून." आयुष्यभर खोटं न बोलण्याचा त्यांचा एक लौकिक होता. तो इतक्या सहज गेला की त्यांना स्वतःलाच चमत्कारिक वाटलं.

सकाळी पाचला ते उठले तेव्हा लीलाबाईंची आंघोळ झाली होती. निळं लुगडं, पिशवी, फाइल. नवऱ्यानं बस म्हटलं की गाडीत बसायच्या तयारीनं त्या पायरीवर उभ्या होत्या. सरांनी कव्हर काढलं, आत बसले आणि किल्ली फिरवली.

गाडी पहिल्याच हाताला सुरू झाली. एवढंसं इंजिन, पण शेडाचा पत्रा थरथरला. हा आवाज ऐकण्यासाठी त्यांनी दोन महिने काढले होते आणि आता तो ऐकवत नव्हता. त्यांनी गाडी परसातून काढून दारात आणली आणि तशीच सुरू ठेवून खाली उतरले.

"लीला, काय करायचं?"

लीलाबाईंनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग मागं वळून पाहिलं, जणू हा प्रश्न पाठीमागं उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाला विचारलाय. मागं कुणी नव्हतं.

"मला इचारताय?"

"व्हय."

बराच वेळ गेला. गाडी दारात घरघरत होती. समोरच्या घरात दिवा लागला, रंगुबाईनं पडदा बाजूला केला आणि परत सोडला. सरांचे ओठ दोनदा हलले. त्यांना मशीनविषयी, रक्त गाळणाऱ्या पडद्याविषयी पुन्हा एकदा समजावून सांगायचं होतं. त्यांनी ते गिळलं.

"नको," लीलाबाई म्हणाल्या.

सरांनी खिशातून फोन काढला. सोनिया सिस्टरनं दुसऱ्या रिंगला उचलला.

"सिस्टर, निकम बोलतोय. रहिमतपूर. चार नंबर." त्यांनी घसा साफ केला. "गाडी सुरू होत नाही."

पलीकडं सिस्टर कान देऊन ऐकत असावी.

"सर, गाडीचा आवाज येतोय."

"ती शेजाऱ्यांची आहे."

"मग शेजाऱ्यांच्या गाडीतनं या की, सर. मी साडेसातपर्यंत थांबवते चार नंबर. कुणाला सांगत नाही."

"नको, सिस्टर."

"सर, तिसरी फुली पडंल." तिचा आवाज खाली आला. "काकू तिथंच आहेत का? बऱ्या आहेत ना?"

सरांनी लीलाबाईंकडं पाहिलं. त्या पायरीवर टेकल्या होत्या आणि चपलेचा अंगठा सैल करत होत्या, कारण पाय आत मावत नव्हता.

"आहे. बरी आहे. बाकावर कोण आलंय आज?"

"शिराळ्याचे एक आहेत. रात्रीपासून बसलेत."

"त्यांना घ्या," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. आपण आत्ता नेमकं काय केलं याचा पूर्ण अर्थ लागायला त्यांना वेळ लागणार होता. किती, तेही माहीत होतं. मशीनशिवाय किती दिवस निघतील ते डॉक्टरांनी एकदा दारापाशी हळू आवाजात सांगितलं होतं.

ते गाडी बंद करायला वळले, तशा लीलाबाई म्हणाल्या, "आता चालू झालीच हाय तर चला की कुटंतरी."

"कुठं?"

"सातारा सोडून कुटंबी." मग थोडं थांबून, "क्रांतीकडं जाऊ. आंबाडीची भाजी करती ती. मला चालत न्हाई ती, तरी दोन घास खाईन."

त्यांनी चपला हातात घेतल्या आणि अनवाणी येऊन त्या पुढं, सरांच्या शेजारी बसल्या. दीड वर्षांत त्या पुढं बसल्या नव्हत्या; मागं आडवं होता यायचं. त्यांनी फाइल पायाशी टाकली. सरांनी घराला कुलूप लावलं. पाण्याच्या टाकीचा नळ सुरू आहे की बंद, हे बघायचं राहून गेलं.

चौकात आल्यावर गाडी थांबली. एक रस्ता साताऱ्याला जात होता, दुसरा खाली कराडवरून सांगलीकडं. सांगलीत क्रांतीच्या घरापासून दहा मिनिटांवर एक सेंटर होतं. पाच कारणं सांगून ज्याला नकार दिला होता ते. गेल्याच महिन्यात क्रांतीनं तिथली माहिती पाठवली होती, फोनमध्ये होती. सरांनी तोंड उघडलं.

"त्यातलं काय बी बोलायचं न्हाई," लीलाबाई समोर बघत म्हणाल्या.

सरांनी तोंड मिटलं. त्यांनी इंडिकेटर दिला, मागं बघितलं, रस्ता मोकळा होता, आणि गाडी सांगलीकडं वळवली.